स्वभावाचा तक्ता

ताईंना कुणी काही सांगितलं की त्या ते सांगणाऱ्याला परत म्हणून दाखवायच्या. भाजीवाल्याने विचारलं, "अर्धा किलो देऊ?" की ताई म्हणणार, "अर्धा किलो, बरोबर." डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की ताई, "दिवसातून दोनदा, जेवणानंतर, सात दिवस, बरोबर?" आणि डॉक्टर "बरोबर" म्हणेपर्यंत स्टुलावरून हलायच्या नाहीत. सव्वीस वर्षांपूर्वी एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या तरुणाने महिनाभर धीर गोळा करून त्यांना सांगितलं होतं, "तुम्ही मला आवडता." त्यावरही ताईंनी विचारलंच, "मी तुम्हाला आवडते, बरोबर?" तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. पण "बरोबर" म्हणाला, आणि पुढे नवरा झाला. आता ही खोड त्यालाही लागली आहे. घरात मिठाचा डबा मागितला तरी तो एकदा इकडून आणि एकदा तिकडून मागितला जातो.

ही खोड आली होती नोकरीतून. ताई एकविसाव्या वर्षी रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये लागल्या आणि एकोणीस वर्षं वायरलेसवर बसल्या. तिथला नियमच होता, की निरोप सांगितला म्हणजे पोहोचला असं नाही. समोरच्याने तो परत म्हणून दाखवला की मगच पोहोचला. या नियमाने किती माणसं वाचली याची नोंद कुणी ठेवली नाही, कारण वाचलेल्या माणसाची चौकशी होत नाही.

मग डावा कान गेला. एकदम नाही, हळूहळू, चोरपावलांनी. एके दुपारी सात नंबरची गाडी दवाखान्याचं फाटक उघडायला सांगत चार मिनिटं बोलावत राहिली आणि ताईंना ऐकूच आलं नाही, कारण तो स्पीकर डाव्या हाताला होता. रुग्ण वाचला. ड्रायव्हरने तक्रारही केली नाही. ताई मात्र पाळी संपल्यावर स्वतः वरिष्ठांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "माझा डावा कान गेलाय. मला त्या खुर्चीवरून उठवा." असं सांगायला छाती लागते. बहुतेक लोक अशा वेळी मान थोडी वळवून बसायला शिकतात आणि निवृत्तीपर्यंत रेटतात.

त्यांना वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथे पाच टेबलांचा एक विभाग होता. कोणती गाडी कुठे पाठवायची हे सुचवणारा प्रोग्रॅम तो विभाग सांभाळायचा. ताईंचं काम इतकंच, की खालच्या लोकांना काय हवंय ते वरच्यांना सांगायचं. पण नुसतं सांगत बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. एक्केचाळिसाव्या वर्षी त्या कोड लिहायला शिकल्या. पहिली दोन वर्षं अक्षरशः नाकी नऊ आले. एकदा तर न सुटलेल्या एररवर त्या टेबलाशी बसून रडल्या. तेरा वर्षांनी, चौपन्नाव्या वर्षी, त्या प्रोग्रॅमचा असा एकही कोपरा नव्हता जिथे त्यांचा हात फिरला नव्हता.

आणि तेव्हा मुख्य कार्यालयाचं पत्र आलं.

पत्राचा मतलब असा, की प्रोग्रॅममधल्या बारीकसारीक दुरुस्त्या यापुढे एआय एजंटांकडून करून घ्यायच्या. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा आणि एजंट स्वतः फाइली उघडून कोड लिहून देणार, असा तो प्रकार. कार्यालयाने तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे तीन एजंट घेतले होते, म्हणजे उद्या एकाने दार लावलं तर अडायला नको. विभागाने तीन महिन्यांत एक पूल बांधायचा. या बाजूने काम टाकायचं, पलीकडे तिघांपैकी कुणीही असो, उत्तर एकाच पद्धतीने परत यायला हवं. शेवटी तपासणी. तपासणीत विभाग नापास झाला, तर काम बाहेरच्या कंपनीला आणि माणसं आपापल्या मूळ जागी.

बाकीच्या चौघांच्या मूळ जागा बऱ्या होत्या. ताईंची मूळ जागा म्हणजे खालची वायरलेसची खुर्ची. कार्यालयाच्या नियमाप्रमाणे त्या खुर्चीला एक चांगला कान पुरत होता. ताईंच्या नियमाप्रमाणे पुरत नव्हता. सात नंबरच्या गाडीनंतर त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की तिथे पुन्हा बसायचं नाही. म्हणजे पूल उभा राहिला नाही तर नोकरी सोडायची, आणि जे काम तेरा वर्षं खस्ता खाऊन शिकल्या ते तिथेच संपवायचं. हे त्यांनी विभागात कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पूल झाला नाही तर तू नोकरी सोडणार." ताई म्हणाल्या, "बरोबर."

विभागात त्या तीन एजंटांची नावं दुसऱ्याच दिवशी पडली. थोरला, मधला आणि धाकटा. पूल बांधायचं काम आलं वकिलाकडे. हा काही खरा वकील नव्हे. बत्तीस वर्षांचा हुशार प्रोग्रॅमर, पण वाद घालायला बसला की समोरच्याने हात टेकावेत, म्हणून वकील.

"ताई, सगळे सारखेच आहेत," तो म्हणाला. "काम आत टाकायचं, उत्तर बाहेर घ्यायचं. प्रत्येक प्रोग्रॅम बाहेर पडताना एक आकडा ठेवून जातो. शून्य असेल तर काम झालं, दुसरं काही असेल तर बिघडलं. एकच साचा तिघांना पुरेल."

"एकच साचा तिघांना पुरेल," ताईंनी परत म्हटलं. पण पुढचं "बरोबर" त्यांच्या तोंडून निघालं नाही.

थोरल्यावर साचा अगदी चपखल बसला. वकील आठवडाभर हवेत होता. मग मधला आला. त्याला काम दिलं की तो दहा-बारा सेकंद काहीतरी करायचा आणि मग गप्प. दहा मिनिटं गप्प, वीस मिनिटं गप्प. शेवटी पुलाची मुदत संपायची आणि पूल त्याला हाकलून द्यायचा. वकिलाने मुदत वाढवून चाळीस मिनिटं केली.

"विचार करतोय तो," वकील म्हणाला. "खोल विचार करणारा एजंट आहे, ताई. मी वाचलंय त्याच्याबद्दल."

ताईंनी खुर्ची सरकवली आणि त्या काळ्या खिडकीकडे बघत बसल्या. अशी शांतता त्यांच्या ओळखीची होती. एकोणीस वर्षं त्यांनी शांतताच तर ऐकली होती.

"तो विचार करत नाहीये," त्या म्हणाल्या. "फाटकाशी उभा आहे."

"कुठल्या फाटकाशी?"

ताईंनी पूल बाजूला ठेवला आणि मधल्याला हाताने चालवून बघितलं. खरोखरच, बाराव्या सेकंदाला त्याने विचारलं होतं, की ही फाइल बदलू का? हो किंवा नाही सांगा. पुलावरून काम दिलं की पलीकडे हो म्हणायला कुणी माणूसच नव्हता, आणि हा गडी सभ्यपणे वाट बघत चाळीस मिनिटं ताटकळत बसत होता. वकिलाने कपाळाला हात लावला.

आता हे ताईंना कसं कळलं, तर त्याचं कारण खालच्या मजल्यावरच्या भिंतीला चिकटवलेलं होतं. कंट्रोल रूममध्ये वायरलेसच्या वर एक पुठ्ठा असायचा. त्यावर प्रत्येक ड्रायव्हरचा स्वभाव लिहिलेला. नव्या माणसाने खुर्चीवर बसायच्या आधी तो पाठ करायचा. "पैलवान: निघाला की लगेच 'पोहोचलो' म्हणतो. दवाखान्यात विचारून खात्री करावी." "मास्तर: फाटक बंद असेल तर हॉर्न वाजवत नाही, वायरलेसवरही बोलत नाही. दोन मिनिटं गप्प असल्यास आपणहून विचारावं." "काका: प्रत्येक वळण सांगतात. शेवटचं वाक्य तेवढं टिपून घ्यावं." ड्रायव्हर सगळे चांगलेच होते. पण त्यांना एकाच साच्यात बसवायला गेलेला माणूस पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडायचा.

"वकील, तुझा साचा राहू दे," ताई म्हणाल्या. "आधी तिघांचा तक्ता करू."

"ताई, ही माणसं नाहीत. यांना स्वभाव नसतो."

"स्वभाव नसेल तर तक्ता कोरा राहील. मग तुझं खरं."

तक्ता कोरा राहिला नाही. ताईंनी सतरा बारीक कामं काढली आणि प्रत्येक काम तिघांनाही तीन-तीनदा दिलं. थोरला तोंडी, म्हणजे काम टाकताना टाइप करून, सांगितलेलं ऐकायचा. धाकट्याला मात्र नेहमीच्या सूचना त्याला हव्या त्याच नावाच्या फाइलीत लिहून ठेवाव्या लागत, नाहीतर त्या असून नसल्यासारख्या. मधला एक-एक पाऊल छापून सांगायचा, थोरला शेवटचा निकाल तेवढा. कालचं बोलणं तिघांपैकी कुणालाच आपणहून आठवायचं नाही, पण आठवण करून द्यायची प्रत्येकाची रीत वेगळी. एकाला जुन्या संभाषणाचा क्रमांक द्यावा लागे, एकाला नुसतं 'पुढे चालू ठेव' म्हटलं की भागे. अशा स्वभावाचा ड्रायव्हर ताईंनी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे ही नोंद करायला त्यांना सगळ्यात जास्त दिवस लागले.

सतरापैकी तीन कामं मुद्दाम अशी होती, की जी होऊच शकत नव्हती. हीही कंट्रोल रूमची पद्धत. नव्या ड्रायव्हरला पहिल्या आठवड्यात एकदा नसलेल्या पत्त्यावर पाठवायचे. जो येऊन "असा पत्ताच नाही" म्हणाला, तो भरवशाचा. जो "पोहोचलो" म्हणाला, त्याच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. ताईंनी तिघांना अस्तित्वात नसलेली फाइल दुरुस्त करायला सांगितली. थोरला म्हणाला, अशी फाइल नाही, आणि बाहेर पडताना शून्य सोडून दुसराच आकडा ठेवून गेला. मधल्याने विचारलं, नवी तयार करू का? धाकट्याने उत्साहाने लिहिलं, की दुरुस्ती पूर्ण झाली आहे, आणि शून्य ठेवून निघून गेला.

"पैलवान," ताई म्हणाल्या आणि तक्त्यात लिहून घेतलं.

इथवर सगळं सुरळीत होतं, आणि मग ताईंनी स्वतः घोळ घातला. मधल्याच्या सततच्या विचारण्याला कंटाळून एका सकाळी त्यांनी त्याला सरसकट परवानगी देऊन टाकली, काहीही विचारू नकोस, कर. आणि काम सांगितलं, की चाचणीचा जुना पसारा आवर. त्याने आवरला. त्या पसाऱ्यात ताईंचा तक्ता होता. नऊ दिवसांचं काम. सगळं आयुष्य परत म्हणून दाखवण्यात गेलेल्या या बाईने फाइलची दुसरी प्रत ठेवली नव्हती.

ताईंनी लपवाछपवी केली नाही. विभागाच्या साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि जे झालं ते सांगितलं. साहेब ताईंपेक्षा बारा वर्षांनी लहान, माणूस भला, पण तपासणी अकरा दिवसांवर आली होती. "मग वकिलाचा साचाच पुढे न्यायचा का?" त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कुणाचं बोलणं परत न म्हणता निघून आल्या.

संध्याकाळी नवरा कामावरून आला, ग्रीसचे हात धूत होता. ताईंनी न्हाणीघराच्या दाराशी उभं राहून सगळं सांगितलं.

"तक्ता गेला," नवरा म्हणाला.

"बरोबर."

"कुठे गेलाय? रोज संध्याकाळी मला सांगत होतीस ना. मी रोज परत म्हणत होतो." त्याने हात पुसले आणि स्टूल ओढून बसला. "लिही. थोरला, शेवटी एकदाच बोलतो, खोटं बोलत नाही. मधला म्हणजे दाराला माणूस नसला तर मजल्यावर अडून राहणारी लिफ्ट. प्रत्येक बदलाला हो म्हणावं लागतं. वाचायला परवानगी लागत नाही, लिहायला लागते, पुसायला लागते. पुसायची कधीच देऊ नये, हे आजचं. धाकटा, दिवा लागतो पण मजला आलेला नसतो..."

ताई लगबगीने कागद शोधू लागल्या. हाताला लिफ्टच्या तपासणीचे कोरे फॉर्म लागले, त्यांच्या पाठीवर लिहीत गेल्या. सतरा कामांपैकी चौदांचे निकाल नवऱ्याला तोंडपाठ होते. उरलेले तीन ताईंना आठवले. हा माणूस वर्षानुवर्षं आपल्या सवयीची चेष्टा करत होता आणि ऐकतही होता, हे लक्षात येऊन त्यांना हसू आणि रडू बरोबरच आलं.

दुसऱ्या दिवशी ते ग्रीसचे ठसे उमटलेले फॉर्म विभागाच्या भिंतीला लागले. वकिलाने दोन तास वाद घातला. मग एक-एक ओळ स्वतः तपासून पाहिली, प्रत्येक ओळ खरी निघाली, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने आपला साचा आपल्याच हाताने पुसून टाकला. मानायला हवं त्याला. पुढचे दहा दिवस तो आणि ताई शेजारी बसून पूल बांधत होते. आता पुलाच्या तोंडाशी प्रत्येक एजंटासाठी वेगळा छोटा दरवाजा होता, तक्त्यातल्या त्याच्या ओळीप्रमाणे बनवलेला. मधल्याने परवानगी मागितली की प्रश्न माणसाच्या पडद्यावर यायचा. आणि 'झालं' या शब्दावर पूल कुणाचाच विश्वास ठेवत नव्हता. काम परत आलं की तो स्वतः चाचण्या चालवायचा, कोणत्या फाइली खरंच बदलल्या ते बघायचा, आणि मगच "पोहोचलं" म्हणायचा. ही शेवटची अट वकिलाची कल्पना. "परत म्हणून दाखवणं," तो म्हणाला. "तुमचंच आहे, ताई."

तपासणीला मुख्य कार्यालयातून एक मॅडम आल्या. पांढरे केस, हातात पातळ फाइल, बोलणं मोजकं. थोरला, मधला, धाकटा, तिघांवरून त्यांनी कामं टाकली. तिन्ही नीट परत आली. साहेबांचा श्वास जरा मोकळा झाला. तेवढ्यात मॅडमनी फाइल मिटली.

"गेल्या आठवड्यात कार्यालयाने चौथा एजंट घेतलाय," त्या म्हणाल्या. "तो या पुलावर चढवून दाखवा. मी चार वाजेपर्यंत आहे."

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. वकिलाचा चेहरा उतरला. ताई मात्र म्हणाल्या, "चौथा एजंट, चार वाजेपर्यंत. बरोबर?"

मॅडमना असं कुणी विचारलं नसावं. "बरोबर," त्या म्हणाल्या.

ताईंनी लिफ्टचा एक कोरा फॉर्म भिंतीला लावला आणि त्यावर लिहिलं, 'जावई'. उशिरा आला, मान मागणार, आणि नाही म्हणायची सोय नाही. वकील एवढ्या ताणातही खुदकन हसला, आणि दोघं कामाला लागले. काय विचारायचं ते आता ठरलेलं होतं. काम कसं घेतो? अडला तर कुणाला विचारतो? गप्प असतो तेव्हा काय करत असतो? 'झालं' कधी म्हणतो? कालचं कसं आठवतो? ताई कामं टाकत होत्या, वकील दरवाजा बांधत होता. जावई तोंडी हुकूम घ्यायचाच नाही, काम फाइलीत लिहून पुढे सरकवावं लागायचं. हे पाऊण तासाने कळलं. परवानगी मात्र सुरुवातीलाच एकदा घ्यायचा. सव्वाएकला ओळ भरली. दोनला दरवाजा उभा राहिला. अडीचला पहिलं काम पूल ओलांडून गेलं आणि नीट परत आलं.

मॅडम खुर्ची ओढून पुढे बसल्या. "आता मी सांगते ते टाका," म्हणाल्या, आणि एका फाइलीचं नाव सांगितलं. ताईंना ते नाव ऐकताच कळलं. तेरा वर्षांत अशी फाइल त्या प्रोग्रॅममध्ये कधी नव्हती. मॅडम मुद्दाम नसलेल्या पत्त्यावर गाडी पाठवत होत्या.

ताईंनी काम टाकलं. जावई मिनिटभर राबला, तीन ओळींत आपण केलेल्या दुरुस्तीचं वर्णन केलं आणि शून्य ठेवून बाहेर पडला. मॅडमच्या ओठांवर किंचित हसू आलं. तेवढ्यात पुलाने आपली ओळ छापली, की काम झालेलं नाही, ही फाइल अस्तित्वात नाही, कोणतीही फाइल बदललेली नाही.

मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली. मग उठून भिंतीपाशी गेल्या आणि ते चारही फॉर्म, ग्रीसच्या ठशांसकट, सावकाश वाचले.

"आतापर्यंत चार विभाग तपासले," त्या म्हणाल्या. "चारही ठिकाणी पुलाने मला सांगितलं, की झालं." त्यांनी फाइल उघडून सही केली. "विभाग चालू राहील. हा तक्ता बाकीच्या विभागांना शिकवायला तुम्ही जायचं."

"विभाग चालू राहील," ताई म्हणाल्या. "तक्ता मी शिकवायचा. बरोबर?"

"बरोबर."

वकिलाने टेबलावर थाप मारली, साहेब खाली बसले ते बसलेच. ताई जिन्यात गेल्या. दोन मजले खाली वायरलेसचा आवाज चालू होता, कुणीतरी कुणाला तरी पत्ता परत म्हणून दाखवत होतं. त्या खुर्चीवर आता दोन्ही कान चांगले असलेली एक मुलगी बसायची, आणि पुढेही तीच बसणार होती. ताईंना इतका आनंद झाला होता की पायऱ्या उतराव्यात की चढाव्यात ते कळेना. त्यांनी फोन उजव्या कानाला लावला. नवरा कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या टपावर बसून काम करत होता.

"अहो, पास झालो. विभाग चालू राहणार. मी खाली जात नाही, नोकरीही सोडत नाही. मला शिकवायला बोलावलंय."

पलीकडून काहीच आलं नाही.

"ऐकलंत ना? परत म्हणून दाखवा."

"तूच परत सांग," नवरा म्हणाला.

"का? आवाज नाही आला?"

"आला गं," तो म्हणाला. "सगळं ऐकलं. पुन्हा ऐकायचंय."